गाडी बदलायला सात मिनिटं

माझी मोठी बहीण रेगुला कोणाच्या गळ्यात पडलेली किंवा कोणाचे लाड करताना मी कधी पाहिलेली नाही. ती चिठ्ठी देते.

चौकटींच्या वहीतून फाडलेला अर्धा कागद असतो तो. त्यावर तिच्या बारीक, सरळ अक्षरात गाडी किती वाजता सुटणार, फलाट कुठला, कितव्या डब्यात बसलं म्हणजे उतरल्यावर जिना बरोबर समोर येईल, आणि पुढची गाडी पकडायला मध्ये किती मिनिटं आहेत, हे सगळं लिहिलेलं असतं. मिनिटांखाली लाल पेन्सिलीची रेघ. आमची आई गेली तेव्हा देशभरातून जमलेल्या तेवीस नातेवाइकांना रेगुलाने दफनानंतर कॉफीच्या टेबलावर एकेक चिठ्ठी दिली होती. बर्नच्या काकूंना गुडघेदुखी, म्हणून त्यांच्या चिठ्ठीत जिन्याऐवजी लिफ्ट कुठे आहे ते लिहिलं होतं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या उशीखालीही चिठ्ठी निघाली. घरी परतायची गाडी, आणि खाली एक ओळ: या गाडीची पायरी सगळ्यात बुटकी आहे. मी ती वाचून भूल उतरायच्या आतच रडले होते. ती म्हणाली, "रडू नकोस, टाके तुटतील."

मी ट्रिक्स. ओल्टेन स्टेशनासमोर माझं केस कापायचं दुकान आहे, आणि स्टेशन हाकेच्या अंतरावर असूनही मी आजवर एकही गाडी वेळेवर पकडलेली नाही. रेगुला मला सगळ्या वेळा अर्धा तास आधीच्या सांगते. हे मला माहीत आहे, त्यामुळे मी आणखी अर्धा तास उशिरा निघते.

ती सिग्नल देते. अठ्ठावीस वर्षं झाली. आधी एका खेड्यातल्या लाकडी केबिनमध्ये दांडे ओढायची, आता मोठ्या खोलीत सहा पडद्यांसमोर बसते. पण काम तेच, कोणती गाडी कुठल्या रुळावर घ्यायची आणि कोणाला कोणासाठी थांबवायचं. आमच्या ओल्टेनमध्ये निम्म्या देशाच्या गाड्या एकमेकींना भेटून जातात. इथे गाडी बदलायला चार मिनिटं म्हणजे चंगळ. आमची म्हातारी माणसं चार मिनिटांत फलाट बदलतात आणि वाटेत पावही विकत घेतात.

तिचा नवरा घर सोडून गेला तेव्हा तो सात एकतीसच्या गाडीने गेला. मी धावतपळत तिच्याकडे पोचले. वाटलं, आता ही कोसळली असेल. ही स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. म्हणाली, "सात एकची घेतली असती तर बसायला जागा मिळाली असती त्याला." पुढे आठवडाभर तिने रोज बटाटेच केले, तेवढंच काय ते मला कळलं.

मुलं तेव्हा सात आणि पाच वर्षांची होती, फ्लुरिना आणि सेव्हेरिन. रेल्वेच्या नोकरांना परदेशातल्या गाड्यांचा पास मिळतो, मुलांचीही नावं त्यावर असतात. त्या उन्हाळ्यापासून दर वर्षी रेगुला दोघांना घेऊन दोन आठवडे निघायची. हॅम्बुर्ग, प्राग, मार्सेय, एकदा तर पार स्वीडनच्या टोकापर्यंत. आणि बरोबर मी. कारण आमच्याकडे गाडीत बसलं की जास खेळतात, आणि त्या पत्त्यांच्या डावाला चार गडी लागतात. बाप गेला, चौथा गडी मी झाले. मला गाडीचा कंटाळा आहे, उकडलेल्या अंड्यांचाही आहे, पण भिडू म्हणून मी बरी आहे.

बारा वर्षं हे चाललं. लहान मुलं कुठेही येतात हो, खिडकी दिली की झालं. मोठी झाली की त्यांचे पाय समोरच्या बाकापर्यंत पोचतात आणि कानांत काहीतरी खुपसलेलं असतं. प्रागच्या फेरीत मी पहिल्यांदा पाहिलं की रेगुला बोगद्याची लांबी सांगते आहे आणि ऐकतं आहे कोणीच नाही. मी म्हटलं, "किती मीटर म्हणालीस?" तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच थोडी आजारी आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये रविवारच्या जेवणाला ते फुटलं. फ्लुरिना एकोणीस वर्षांची, सुतारकाम शिकत होती, जुलैमध्ये तिची परीक्षा. शिकाऊपण संपलं की मुलांचं नाव पासावरून उतरतं, असा नियम.

"आई," ती म्हणाली, "ऑगस्टनंतर मी पासावर नसणार. तर मी म्हणत होते... माझ्या मैत्रिणी पोर्तुगालला व्हॅन घेऊन जातायत."

"व्हॅन," रेगुला म्हणाली. जणू पोरीने नांगर म्हटलं होतं.

"मलाही आता पुरे झालं, आई," सेव्हेरिन म्हणाला. हा सतरा वर्षांचा, विजेचं काम शिकणारा, उंची अशी की आमच्या दुकानाच्या दारातून वाकून येतो. "म्हणजे मजा यायची. पण आता बास ना. सगळे हसतात मला. आईबरोबर सुट्टीला जातो म्हणून."

"हसू देत," मी म्हटलं. "त्यांच्या आया त्यांना नेत नसतील."

"ट्रिक्समावशी, तू गप्प बस. तूच दर वर्षी म्हणतेस कंटाळा येतो."

हे खरं असल्यामुळे मी गप्प बसले. रेगुलाने काटा-सुरी ताटात नीट सरळ ठेवली. मला वाटलं आता ती 'बरं' म्हणेल आणि उद्यापासून बटाटे सुरू होतील. पण ती म्हणाली, "पैज लावू."

"कसली?"

"यंदा चला. पासाचं शेवटचं वर्ष आहे. खाली इटलीत, समुद्रावर, सान्तालबेरोला. सकाळी निघून संध्याकाळी समुद्रात पाय. पाच ठिकाणी गाडी बदलायची. एकही चुकली नाही, तर पुढच्या उन्हाळ्यातही तुम्ही माझ्याबरोबर. एक जरी चुकली, तर पुन्हा कधी मी तुम्हाला विचारणार नाही."

"कधीच?"

"कधीच. आणि तोंडही पाडणार नाही."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच वेळा गाडी बदलायची, त्यातल्या चार वेळा परदेशात! सेव्हेरिनच्या ओठांवर हसू आलंच. तिघांनी एकमेकांशी हात मिळवले. आमच्यात हात मिळवला की कागदावर सही झाली. मी भांडी घासताना तिला म्हटलं, "अगं वेडे, हरलीस तर?" ती म्हणाली, "हरायला मी काय व्हॅनने चाललेय?" पण पुसायला घेतलेला पेला तिने चार वेळा पुसला. तिला अजून एक उन्हाळा हवा होता, बाकी काही नको होतं.

जुलैतल्या ज्या दिवशी आम्ही निघालो, त्या दिवशी मी वेळेवर होते. रेगुला सकाळी साडेपाचला मला उठवायला आली होती, म्हणून. चौघांना चार चिठ्ठ्या मिळाल्या. लुझर्न, नऊ मिनिटं. मिलान, वीस. बोलोन्या, अठरा. अन्कोना, तेरा. आणि शेवटची, पिएत्राबियांका नावाच्या एका छोट्या जंक्शनवर, सात.

"सात?" मी म्हटलं. "इटलीत?"

"इथे चार पुरतात," रेगुला म्हणाली. "परदेश आहे म्हणून तीन वाढवून धरली."

लुझर्नला बदलली. मिलानला बदलली, तिथे एवढा वेळ उरला की मला कॉफी मिळाली. बोलोन्याला सेव्हेरिन मुद्दाम बुटाची नाडी बांधत बसला, तर रेगुला म्हणाली, "बांध सावकाश, अजून अकरा मिनिटं आहेत." अन्कोनाला बदलली तेव्हा फ्लुरिना म्हणाली, "चार झाल्या. आई, तू माणूस आहेस की घड्याळ?" पण ती हे चिडून म्हणाली नव्हती. मधल्या गाड्यांत आम्ही जास खेळलो, गुडघ्यांवर पत्त्यांची छोटी हिरवी सतरंजी पसरून. अंडी खाल्ली, वर पिवळ्या डबीतला मसाला शिंपडून. सेव्हेरिनने कानांत खुपसलेलं काढून खिशात ठेवलं होतं. मी ते पाहिलं.

अन्कोनानंतरची गाडी एकेका छोट्या स्टेशनात थांबत चालली होती, आणि वेळेवर होती. मग एका स्टेशनात ती उभी राहिली ती हलेचना. रेगुला खिडकीतून बाहेर वाकली. पुढच्या डब्यापाशी एक नवराबायको दोन सायकली गाडीत चढवत होते. सायकलींना सहा पिशव्या, वर तंबू, आणि एक सायकल दारात आडवी अडकलेली. गार्ड मागून ढकलतोय, बाई आतून ओढतेय आणि ओरडतेय. ओरडत होती आमच्याच बोलीत. ओल्टेनपासून फार तर वीस किलोमीटरवरची असावी.

"पिशव्या आधी काढतात!" रेगुला खिडकीतून गरजली. "आधी पिशव्या, बाई!"

ती बाई दचकली, इतकी की सायकल सुटून परत फलाटावर पडली. गाडी सहा मिनिटं उशिरा निघाली.

सातातून सहा गेली. रेगुलाने घड्याळ बघितलं, पत्ते गोळा केले, सतरंजी गुंडाळली. "सगळे दुसऱ्या दारापाशी चला," ती म्हणाली. "जिना डावीकडे असेल." तिचा आवाज शांत होता; मानेवर मात्र लाल चट्टे आले होते. मला ते चट्टे लहानपणापासून माहीत आहेत, शाळेत फळ्यापाशी बोलावलं की यायचे. मी तिला म्हटलं, "जाऊ दे गं, पैजच आहे." तिने पेटी उचलली.

पिएत्राबियांका. दार उघडलं आणि मला धड उतरूनही झालं नव्हतं, तोवर सेव्हेरिन सुटला. पाठीवर स्वतःची बॅग, हातात माझी. तीन-तीन पायऱ्या एका ढांगेत टाकत खाली गेला. त्याच्यामागे फ्लुरिना, "पळ, सेव्ही, पळ!" ओरडत. ही तीच पोरं बरं का, ज्यांना आई पैज हरायला हवी होती. मी भुयारी वाटेत धापा टाकत होते आणि मला काही समजेना.

आम्ही दोघी पलीकडच्या जिन्याच्या तळाशी पोचलो, तेव्हा वर शिट्टी झाली. मान वर करून पाहिलं. लहानशी, दोन डब्यांची गाडी. तिच्या शेवटच्या दारात सेव्हेरिन, एक पाय फलाटावर, एक गाडीत, पाठीने दार अडवून उभा. बाजूला फ्लुरिना गार्डाच्या हाताला धरून जिन्याकडे बोट दाखवतेय, "मम्मा, मम्मा!" गार्ड जाडसर, मिशाळ, घामाने भिजलेला. तो बिचारा आमच्याकडे बघून हसत होता आणि दोन्ही हातांनी खुणावत होता, या, या, सावकाश या, थांबतो.

मी म्हटलं, चला, पकडली! आणि माझ्या शेजारून रेगुला ओरडली.

"सोड! सेव्हेरिन, दार सोड!"

"या ना वर! धरलीय मी!"

"सोड म्हणते ना! पाय काढ! एकेरी रूळ आहे, समोरची गाडी खोळंबेल!" आणि मग गार्डाला, तिला येत होतं तेवढ्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये, "जा! तुम्ही जा! उशीर करू नका!"

गार्डाचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. गाडी थांबवा म्हणून त्याच्या पाया पडणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली असतील. पायऱ्या चढता चढता, हातातली पेटी हलवत, गाडी घालवून द्या म्हणून ओरडणारी बाई पहिलीच. त्याने खांदे उडवले. सेव्हेरिनने पाय काढला. दार बंद झालं, आणि आम्ही वर पोचलो तेव्हा गाडी जांभळाच्या रंगाच्या फुलांच्या झुडपांआड वळत होती.

रेगुलाने घड्याळ पाहिलं. "अर्धंच मिनिट उशीर," ती म्हणाली. "भरून काढेल."

"मी धरली होती," सेव्हेरिन म्हणाला. त्याचा आवाज फाटला. एवढा ताडमाड पोरगा, आणि डोळे भरलेले. "आई, मी धरली होती ना! चार पायऱ्या राहिल्या होत्या! तो थांबत होता, तोच म्हणत होता थांबतो म्हणून!"

"पायाला लागलं का?"

"पायाचं काय घेऊन बसलीस! तू हरलीस!"

"हो," रेगुला म्हणाली. "हरले."

तिने पेटी खाली ठेवली आणि त्या पेटीवरच बसली. मला तिचा इतका राग आला! आठशे किलोमीटर लांब जाऊन, जे हवं ते हातात आलेलं, आणि ही कुणा परक्या गाडीच्या वेळापत्रकाची काळजी करते. मी म्हटलं, "बाई, इथे तुझी ड्यूटी नाही! इथे कोणी तुला विचारलं होतं?"  आठ मिनिटांनी समोरच्या बाजूने गाडी आली. अगदी ठरल्या वेळेला आली. तिच्यातून एक म्हातारी उतरली, काखेत कलिंगड, आणि आम्ही जिच्यातून उतरलो होतो ती गाडी पलीकडच्या फलाटावर अजून उभी होती, तिच्यात चढायला लगबगीने भुयाराकडे गेली. अन्कोनाकडे परत जाणारी ती गाडी दोन मिनिटांत सुटणार होती.

"ही राहिली असती इथे," रेगुला म्हणाली. एवढंच.

सेव्हेरिनने नाक पुसलं. "कलिंगडासकट," तो म्हणाला.

पुढची गाडी दोन तास वीस मिनिटांनी. फलाटावर एक बाक, एक नळ, एक बंद दुकान. रेगुलाने पेटी आडवी केली, वर सतरंजी अंथरली आणि पत्ते पिसायला घेतले. पहिला डाव सगळे पत्ते आपटत खेळले. दुसऱ्यात मी हुकूम घालून सेव्हेरिनचा राजा खाल्ला, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, वेळेवर येतेस ती नेमकी इथे." मग सगळे हसले, आणि गाठ सुटली.

"पण का?" वाटता वाटता फ्लुरिनाने विचारलं. "आयुष्यात एकदा. एकदा तरी कोणासाठी गाडी थांबवलीस का तू?"

"एकदा," रेगुला म्हणाली.

आम्ही तिघंही बघत राहिलो. मीसुद्धा. मला हे माहीत नव्हतं.

"तू दीड वर्षाची होतीस. खेड्यातल्या केबिनमध्ये होते मी तेव्हा. पाळणाघरात सोडायला तुला रोज बाबा त्या सकाळच्या गाडीने न्यायचे. त्या दिवशी तुझा कापडी ससा फलाटावर पडला. मी वरून पाहिलं. गाडीला सिग्नल द्यायचा होता आणि तू आत खिडकीशी, तोंड उघडं, अजून आवाज फुटायचा होता. मी सिग्नल दिला नाही. खाली गेले, ससा उचलला, खिडकीतून दिला, वर आले. दीड मिनिट. मग रजिस्टरमध्ये लिहावं लागतं ना, उशिराचं कारण."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं, ससा."

सेव्हेरिन बाकावरून खाली सरकला इतका हसला. फ्लुरिना हसली नाही. तो ससा, एका कानाचा, अजून तिच्या कपाटात आहे. मला माहीत आहे, कारण कान मीच शिवायला घेतला होता आणि शिवला नाही.

"मग आज का नाही?" तिने हळूच विचारलं.

"त्या दिवशी समोरून गाडी नव्हती," रेगुला म्हणाली आणि उतारी केली.

समुद्रावर आम्ही संध्याकाळी उशिरा पोचलो. पाय बुडवले. दहा दिवस छान गेले, आणि परतताना एकही गाडी चुकली नाही, पण ते पैजेत धरायचं नव्हतं.

हरल्यावर रेगुलाने शब्द पाळला. तोंडही पाडलं नाही. शरद ऋतू आला, आमच्या गावावर धुकं बसलं. एरवी या दिवसांत तिच्या जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरलेला असतो, या वेळी तो घडी करून कपाटामागे गेला. फ्लुरिना पास झाली, नोकरीला लागली, पासावरून नाव उतरलं. मी रेगुलाशी भांडले. "विचार ना त्यांना! पोरं तुझीच आहेत, पैज कसली!" तर म्हणे, "हात दिलाय." आणि रोज बटाटे. मला डिसेंबरमध्ये खरंच काळजी वाटायला लागली.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, त्या दिवशीचा गोड पाव खायला सगळे तिच्याकडे जमलो. त्यात एका तुकड्यात छोटासा राजा लपवलेला असतो. ज्याला मिळेल तो दिवसभर कागदी मुकुट घालून हुकूम सोडतो. राजा सेव्हेरिनला मिळाला. मी शपथेवर सांगते, त्याने पाव खालून बोटाने चाचपला होता.

"माझा हुकूम," तो म्हणाला. मुकुट त्याच्या डोक्यावर जेमतेम टिकला होता. "आई, ताटलीखाली बघ."

ताटलीखाली फ्लुरिनाचं तिकीट होतं. जुलैचं, स्वतःच्या पगारातून काढलेलं, पूर्ण भाड्याचं. तिच्या आयुष्यातलं परदेशच्या गाडीचं पहिलंच. आणि त्याला टाचलेली चौकटींच्या वहीतली चिठ्ठी. गाड्या, फलाट, डबा, जिना कुठल्या बाजूला. लुझर्न, मिलान, बोलोन्या, अन्कोना. आणि खाली, लाल रेघ मारून: पिएत्राबियांका, गाडी बदलायला दोन तास वीस मिनिटं.

रेगुलाने चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. मानेवर चट्टे आले.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "इथे सात मिनिटांत गाडी आहे."

"माहितीये," फ्लुरिना म्हणाली. "ती सोडायची."